ओला कॅनव्हास

फोन-टॅबलेटवर काढलेलं चित्र म्हणजे अजून काढायचंच राहिलेलं चित्र, असं मानणारा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये एकच आहे, आणि तो माधव नगरात आमच्या समोर राहतो. काकांनी सारा जन्म शाळेत पोरांना चित्रकला शिकवली. त्यांची एकुलती एक लेक कॅनडात असते, कामावरून आली की टॅबलेटवर चित्रं काढते आणि बाबांना पाठवते. दुसरा बाप ‘वा, छान’ लिहून मोकळा झाला असता. काका ते चित्र खऱ्या तेलरंगांत कॅनव्हासवर उतरवतात. "बॅटरी संपली की गायब होतं, त्याला चित्र कसं म्हणायचं?" हा त्यांचा सवाल.

कॅनव्हासवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, डाव्या हातात फोन धरायचा आणि उजव्या हातानं रंगवायचं, ही त्यांची पद्धत. फोनचा पडदा सारखा काळा होतो, आणि काका रंगानं माखलेल्या अंगठ्यानं त्याला जागं करतात. त्यामुळे त्यांच्या फोनवर कुणीही दिसलं तरी जांभळंच दिसतं. देवास गेटचा रंगवाला कळवळून सांगतो, "सरजी, फ्लेक्स निकलवा लो, दस मिनट का काम है." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत ट्यूबा निवडत राहतात. एकदा लेकीनं चित्राचा स्क्रीनशॉट पाठवला, तर यांनी वरच्या कोपऱ्यातली वेळ आणि बॅटरीची खूणसुद्धा निगुतीनं रंगवली. मी हसले, तर घुश्शात म्हणाले, "तिनं काढलंय ना? सोच समझकेच काढलं असेल!"

गेल्या वर्षी तिनं राम घाटाचं चित्र पाठवलं. पायऱ्यांवर एक बाप आणि त्याची फ्रॉकमधली मुलगी, दोघं पाठमोरी, समोर निळंशार पाणी. खाली लिहिलं होतं, ‘हे रंगवून झालं की न्यायला मी स्वतः येईन.’ काका हरखले, पण त्या निळ्यापाशी अडले. "क्षिप्रा इतकी नीली कधी होती गं?" म्हणत मला घेऊन थेट घाटावर गेले आणि फोन पाण्यासमोर धरून, एक डोळा मिटून उभे राहिले. एक पंडितजी लगबगीनं आले. "बाबूजी, पूजन करवाना है?"

"नहीं पंडितजी, रंग मिलाना है."

पंडितजींनी फोनमध्ये पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि मान हलवली. "ये अपनी शिप्रा नहीं है."

परतताना काका म्हणाले, "तिला निळी आठवते, तर निळीच राहू दे. इतक्या दुरून आठवतेय बिचारी."

पडद्यातला उजेड काही केल्या रंगात उतरेना. काका खरवडायचे, पुन्हा लावायचे. अखेर एकदाचं चित्र झालं, आणि ते बघून मला भरून आलं. लेकीलाही फार आवडलं. पण ती म्हणाली, "बाबा, छुट्टी मिळणं मुश्किल आहे हो. गुंडाळून कुरियर करून द्या ना."

काकांचा चेहरा उतरला. "अजून गीला आहे बेटा. लपेटला तर चिकटेल."

पुढे कित्येक महिने तिनं विचारायचं आणि यांनी ‘गीला आहे’ म्हणायचं, असं चाललं. काका चक्क थापा मारतात, असं मी धरून चालले होते. एका सकाळी सहज डोकावले, तर ते त्या पुऱ्या झालेल्या चित्रातल्या पाण्यावर ताज्या निळ्याचा हात फिरवत होते.

"काका, हे रोज करता?"

"मग काय करू? तिच्याशी खोटं कसं बोलू?"

त्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर लेक मला म्हणाली, "ताई, तू हात लावून सांग." मी पाण्यावर बोट टेकवलं आणि निळं झालेलं बोट तिला दाखवलं. ती बघतच राहिली. तेलरंग किती दिवसांत वाळतात, हे चित्रकलेच्या मास्तरांच्या मुलीला मी काय सांगणार! तिचे डोळे भरले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी येईपर्यंत वाळू देऊ नका."

कधी येणार, ते तिनं सांगितलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही. फोन ठेवून त्यांनी पायात चपला सरकवल्या. "देवास गेटला जाऊन येतो," म्हणाले, "नीला खतम होत आलाय."