पार्ट टूमधले दोन पैलवान

'सुधारित' हा शब्द वाचला की मला अजूनही किळस येते. सिडकोत आमच्या घराजवळ नानासाहेबांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. २००२ साली एका सकाळी तिथं पाटी लागली, 'फायटिंग पार्ट टू. सुधारित.' पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली, गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग, आणि समोर त्याच टँकरच्या पाण्यावर चार मजली कॉम्प्लेक्स चढतंय. सुधारणाच सुधारणा.

त्या दुकानात मुंजाबा कामाला होता. फुलंब्रीकडचा धनगर, पंचेचाळिशीचा. रानात चारा उरला नाही तेव्हा मेंढरं भावाच्या हवाली करून तो बायकोला, म्हाळसाबाईला घेऊन शहरात आला. नानासाहेबांनी त्याला झाडलोटीला ठेवलं. दुपारी फायटिंगच्या पहिल्या भागाची मशीन रिकामी असायची, तेव्हा हा सहज हात चालवून बघायचा. दोन महिन्यांत त्याला हरवणारा कोणी राहिला नाही. तो नेहमी जाडा, सुस्त पैलवान घ्यायचा, ज्याला आम्ही पोरं हातही लावत नव्हतो.

"बटणाकडं काय बघता रं? त्येच्या तोंडाकडं बघा. मारायच्या आदी त्यो दात खातो," असं तो आम्हाला सांगायचा.

नानासाहेब बिलंदर माणूस. त्यांनी लगेच नियम काढला, मुंजाबाला जो हरवेल त्यानं दिवसभर फुकट खेळायचं. टीव्ही सेंटरपासून पोरं यायला लागली. बदल्यात मुंजाबाला दुकानामागची पत्र्याची खोली आणि रोज एक ड्रम पाणी. "हरलास त्या दिवशी खोली रिकामी करायची हं," असं नानासाहेब सगळ्यांसमोर हसत म्हणायचे. आम्हीही हसायचो. इंजिनिअरिंगला शिकणारी, घरी दोन वेळचं गरम जेवणारी पोरं आम्ही, आणि दात काढत होतो. थू आमच्यावर.

मग पार्ट टू आला. वेग वाढला, रंग भडक झाले. पहिल्या भागात फक्त मशीनच्या बाजूनं लढणारे चार दांडगे आता आपल्यालाही घेता यायला लागले. सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे दोघांनाही एकच खेळाडू निवडता यायचा. आधी एकानं पैलवान घेतला की दुसऱ्याला तो मिळत नसे. आता पडद्यावर दोन पैलवान, हुबेहूब सारखे. फरक एवढाच की एकाचा लंगोट लाल, दुसऱ्याचा निळा.

मुंजाबाची इथंच गोची झाली. दोनशे मेंढरांतून आपलं मेंढरू तो तोंडावरून काढायचा. पाठीवरच्या रंगाच्या खुणेकडे त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. "रंग काय, चोरबी लावतो," म्हणायचा. पडद्यावर तो तोंडं बघायचा, आणि तिथं एकच तोंड दोनदा. हे माझ्या लक्षात दुसऱ्याच दिवशी आलं. हुशार होतो ना मी!

रविवारी मी त्याच्याशेजारी बसलो आणि मुद्दाम पैलवानच घेतला. पहिली फेरी त्याची, दुसरी माझी. तिसरीत दोन्ही पैलवान एकमेकांना भिडले, एकमेकांवरून उड्या मारून त्यांनी बाजू बदलल्या आणि मुंजाबा गडबडला.

"अमेयभाऊ, माझा कोणचा?" त्यानं मलाच विचारलं.

दोन कळप रानात मिसळले की धनगर समोरच्या धनगरालाच विचारतो, आणि समोरचा खोटं बोलत नाही. हे त्यानंच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं.

"निळा," मी म्हणालो. निळा माझा होता.

तो निळ्यावर नजर लावून बटणं दाबत राहिला. तेवढे दोन-तीन क्षण मला पुरले. लाल पैलवान आडवा झाला, पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

"पर तू निळा म्हणला व्हतास," मुंजाबा म्हणाला.

म्हाळसाबाई मागच्या दारात उभी होती. "खोटं बोललं त्ये! तोंडावर खोटं बोललं!" ती ओरडली.

"गप गं," मुंजाबानं तिलाच दटावलं. "शिकल्यालं पोरगं हाय, कशाला खोटं बोलंल? गडबडीत चुकला आसंल. व्हय ना, भाऊ?"

"हो, चुकलो," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग काय! परत एकडाव खेळू की." तो स्टूल पुढं ओढून बसलासुद्धा.

नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तू म्हणशील तसं."

दिवसभर फुकट खेळायला मिळणार होतं. त्याच्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

"हरलात ना, मामा," मी म्हणालो. "आता परत कसलं?"

तो उठला. मी संध्याकाळपर्यंत खेळलो. दुपारी मागच्या खोलीतून भांडी पोत्यात भरल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा मी नानासाहेबांना मशीनचा आवाज वाढवायला सांगितला.