ड्रायव्हरबाई

४ जुलै. सकाळीच ट्रॅक्टरची लोखंडी चाकं उतरवायला बसले. भाताच्या खाचरात रबरी टायर रुततात, म्हणून चिखलणीला टायरांच्या बाहेरून ही जाळीची चाकं लावतात. नट गंजले होते. भंगारवाल्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी कापूरहोळहून यायचा होता. "काकी, चाकं काढून ठेव, नाहीतर टेम्पोत मावणार नाही," असं पुतण्याने, दीपकने, फोनवर सांगितलं होतं. तो शिरवळला कंपनीत असतो. त्याला रजा नव्हती, म्हणून पाना माझ्या हातात.

हा ट्रॅक्टर दीपकच्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. मी त्यांना आक्का म्हणे, गाव ड्रायव्हरबाई म्हणे. खाचरातून निघताना आक्का कधीही बांध सरळ चढल्या नाहीत. ट्रॅक्टर वळवायचा, मान मागे टाकायची आणि पाठमोरा वर घ्यायचा. वर्षानुवर्षं तेच केल्याने त्यांची मान डावीकडे वळलेलीच राहिली होती. देवळात आरतीला उभ्या राहिल्या, तरी देवापेक्षा शेजारणीकडेच जास्त बघताहेत असं वाटे.

कारण सगळ्यांना माहीत होतं. माझे थोरले दीर मागे नांगर जोडून बांध सरळ चढायला गेले. पुढची चाकं उचलली गेली आणि ट्रॅक्टर त्यांच्यावर उलटला. दहाव्याला जमलेले पाहुणे म्हणाले, विकून टाका. आक्का म्हणाल्या, "बैलं इकून घेतलाय ह्यो. आता ह्यो बी इकला तर वरची खाचरं कुणी करायची? रोपं सुतक पाळत्यात व्हय?" तेरावा झाला आणि त्या भोरच्या मिस्त्रीकडे जाऊन ट्रॅक्टर चालवायला शिकून आल्या.

वरची खाचरं म्हणजे गुंजवणे गावाच्या अंगाला डोंगरउतारावरचे आमचे तुकडे. वाट जेमतेम बैलगाडीपुरती, मोठा ट्रॅक्टर तिथे येतच नाही. हा मुळात कुठल्याशा द्राक्षबागेतला, वेलींच्या ओळींमधून जायला अरुंद बांधणीचा. आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा होता. सोबत दोन फाळांचा नांगर, एक फणी आणि ही चाकं, एवढाच त्याचा संसार.

माणूस गेलेला ट्रॅक्टर म्हणून सुरुवातीला कुणी त्याला आपल्या रानात घेईना. मग शेजारच्या गेनूबाबांचा बैल ऐन हंगामात लंगडला आणि ते आमच्या दारात आले.

"ड्रायव्हरबाई, येता का आमच्यात?"

"बाबा, नवरा खाल्लेला हाय ह्यो."

"मग आमच्या म्हातारीला बसवतो बांधावर. बघू कोण कुणाला खातंय."

दिरांच्या माघारी आक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. पुढे निम्मा गाव त्यांना बोलवायला लागला.

बेंदराला, बैलांच्या सणाला, लोक ट्रॅक्टरला हार घालतात, नैवेद्य दाखवतात. आक्का नुसता धुऊन काढत. "बैल आपल्याला वळखतो. लोखंडाला कसला लळा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण त्या लोखंडावर घरातल्या दुसऱ्या कुणाला त्यांनी बसू दिलं नाही. दीपक कमावता झाला, त्यांचे गुडघे गेले, तेव्हा तो म्हणाला, "आई, आता मी चालवतो." आक्कांनी चावी काढून कनवटीला लावली. "ह्यानं एक खाल्लाय. दुसरा म्या देणार न्हाई." मीही एकदा विचारून पाहिलं. म्हणाल्या, "शाले, तुझी पोरं लहान हायती. गप रोपं काढ." गुडघ्यांना फडकी बांधून त्या शेवटच्या हंगामापर्यंत स्वतःच चढत राहिल्या.

माघात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. चावी आमच्याकडे आली, पण घरात चालवणारं कुणीच नाही. बाहेरचे ड्रायव्हर बघून गेले. एकजण म्हणाला, "ह्याच्यावर ड्रायव्हरबाईच पाहिजेत." पॉवर टिलरवाल्याने खालची खाचरं करून दिली आणि वरच्यांना पाळी नाही म्हणून सांगितलं. तोवर तरव्यातली भाताची रोपं लावणीला आली.

आक्कांनी आम्हा सगळ्यांना जपलं. माया होती, कबूल आहे. पण मायेने चिखलणी होत नाही. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनाही पटलं असतं, आणि चावी तरीही दिली नसती.

संध्याकाळपर्यंत दोन्ही चाकं निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला तेव्हा मी तरव्यात होते. माणसांनी फळी लावून ट्रॅक्टर ढकलत वर घेतला. मी उठले नाही. वरच्या खाचरांच्या वाटणीची रोपं उपटली, जुड्या बांधल्या, पाटीत भरल्या आणि बांधाला बांध असलेल्या सखूबाईला नेऊन दिल्या. तिची रोपं अतिपावसाने कुजली होती.

"अगं, समदीच आणलीस? मग तुमची वरची खाचरं?"

"यंदा पडीक," मी म्हटलं आणि पाटी तिथेच तिच्या पाटात धुऊन घेतली.