आत्तोबांचे बांध

म्हैसुरात पडणाऱ्या पावसाच्या प्रत्येक थेंबाने वाहायला लागण्यापूर्वी आपली परवानगी घ्यावी, अशी माझ्या आत्तोबांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, मनापासून अपेक्षा असे. ते सरकारच्या मृद्‌संधारण खात्यात होते. उताराच्या शेतात आडवे बांध घालून माती अडवायची, हे त्यांचे काम. पण ते काम कचेरीत ठेवून घरी येणे त्यांना कधी जमले नाही. लग्नाच्या पंगतीत पातळ सारू वाढले की ते आधी केळीच्या पानाचा उतार बघत, मग भाताचा बांध घालत आणि शेजाऱ्याच्या पानातलाही ओघळ बोटाने अडवत. आत्याने अंगणात बादली ओतली की आतून हाक येई, "अय्यो, हळू गं! मण्णू जातंय की!" मण्णू म्हणजे माती. इतक्या कळवळ्याने त्यांनी आत्यालाही कधी हाक मारली नसेल.

हुणसूरकडच्या एका शेतकऱ्याच्या शेतातले बांध तर त्यांचे लाडके. रविवारची सुट्टी मिळाली की बस पकडून ते बघायला जात. एका वर्षी सरकारने नाचणीचा आधारभाव वाढवला आणि त्या शेतकऱ्याने जास्त पेरा व्हावा म्हणून बांधच नांगरून टाकले. आत्तोबा तणतणत शेतात जाऊन उभे राहिले. शेतकरी शांतपणे म्हणाला, "सार, तुमचं एक खातं म्हणतं, जास्त पिकव, चांगला भाव देतो. दुसरं म्हणतं, बांधाला जमीन सोड. मी कुणाचं ऐकू?" आत्तोबा मिळेल त्या बसने घरी परतले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "खोटं नाही गं बोलला तो," एवढेच आत्याला म्हणाले.

पुढच्या खेपेला ते चाऱ्याच्या गवताची ठोंबे पोत्यात भरून घेऊन गेले. "बांध घातलास तर त्यावर हे लाव. म्हशी खातील, जागा फुकट जायची नाही." शेतकऱ्याने हसून पोते गोठ्यामागे टाकले. पावसाळ्यात त्याच्या शेताची माती ओढ्याला गेली, तेव्हा तोच मान खाली घालून म्हैसूरला दारात आला. "मी सांगितलं होतं," असे आत्तोबा म्हणाले नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाले. दोघांनी मिळून बांध पुन्हा घातले, त्यावर गोठ्यामागे रुजलेले ते गवत लावले.

आता आत्तोबांचे गुडघे गेलेत. बसची पायरी चढवत नाही. पण तिकडे जोराचा पाऊस होऊन गेला की तो शेतकरी शेतातून फोन करतो. "ऐका, सार," म्हणतो आणि फोन उताराकडे धरून उभा राहतो. एवढा पाऊस पडूनही पाणी वाहिल्याचा आवाज येत नाही. आत्तोबा डोळे मिटून ती शांतता ऐकत राहतात.