धारवाल्याची बॅटरीची सायकल

आमचे हे धार लावतात. सुऱ्या, कात्र्या, शिंप्यांची अवजारं. उभा जन्म सायकलवर गेला. ती स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, की पट्ट्यावरचा दगड गरगर फिरायचा. दगडावर डब्यातून पाणी ठिबकत ठेवायचं, नाहीतर पातं तापून वाया जातं. गिऱ्हाइकानं कितीही घाई करू दे, कोरड्या दगडाला ह्यांनी कधी पातं टेकवलं नाही. आमची चूल पेटायची ती त्या दगडावर.

मग गुडघ्यांनी दगा दिला. तेवढ्यात सरकारनं बॅटरीच्या सायकलींना अनुदान जाहीर केलं. अट अशी, की जुनी सायकल भंगारात जमा करायची. मी म्हटलं, "अहो, राहू दे ना ती, अडीअडचणीला." तर म्हणे, "तुला काय कळतंय? आता पाय हलवायचेच नाहीत!" लग्नातसुद्धा हा माणूस इतका खुलला नव्हता.

घरमालक चार्जिंगसाठी खाली वायर टाकू देईना. मग ती धोंड्यासारखी बॅटरी रोज तीन जिने वर आणायची. गुडघ्यांसाठी घेतलेली गाडी, आणि जिने चढायचे गुडघ्यांनीच! शेवटी मीच उचलायला लागले.

ह्यांनी दगड नव्या सायकलीवर बसवला, वर पाण्याचा डबा टांगला. थेंब थेंब पाणी खाली चाकातल्या मोटरीत जात राहिलं. एका दुपारी चाक थांबलं ते थांबलंच. सर्व्हिस सेंटरातल्या माणसानं झाकण उघडलं, आत नुसता गंज.

"गाडीत बदल केलात, वर पाणी घातलंत. गॅरंटी गेली."

"अहो, पण पाण्याशिवाय धार कशी लावायची?"

त्याला काय पडलंय! नवी मोटर घालायची आमची ऐपत नाही, आणि अनुदानाची गाडी तीन वर्षं विकता येत नाही. हे भंगारवाल्याकडे धावले, तर जुनीचा चेपून चौकोन झालेला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी मात्र सरकारपासून घरमालकापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

काल हे हातानं घासायचा दगड पिशवीत टाकून पायीच निघाले. नेहमीच्या गल्लीत हाक दिली. बायका खिडकीत आल्या, चाक दिसलं नाही, आत गेल्या. एक जुनं गिऱ्हाईक तेवढं खाली आलं. कात्री आणली असेल म्हणून ह्यांनी पायरीवर बसून दगड ओला केला. त्या बाईंनी हातात एक नोट ठेवली. "असू दे काका," म्हणाल्या आणि वर गेल्या.

"आणि तुम्ही घेतलीत?" घरी येऊन ह्यांनी सांगितलं तशी मी भडकले. रडूच फुटलं मला.

"घेतली," हे म्हणाले. बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या लांबच्या गल्लीत जातो. तिथं मला कोणी ओळखत नाही."