मुखाजवळचं गोडं पाणी

नमुन्याने पुलापाशी बाई ठेवली आहे, ही बातमी पहिल्यांदा फोडली ती पंक्चरवाल्याने. पंक्चरवाल्याचा धंदाच असा, की हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर. कोणाची गाडी कुठे किती वेळ उभी असते, याचा त्याच्याइतका जाणकार अख्ख्या गावात नव्हता. "दर मंगळवारी," हवेचा पाइप गळ्यात अडकवून तो सांगायचा, "खात्याची स्कूटर फुलवालीच्या दुकानाबाहेर. सकाळी लागते ती दुपारपर्यंत हलत नाही. आणि माणूस आत. आता फुलं निवडतोय म्हणता? मग घरी एक तरी फूल नेताना दिसला का कधी?"

हा शेवटचा मुद्दा बिनतोड होता. ऐकणाऱ्याला पुढे काही विचारायची सोयच नाही.

नमुना हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हा गृहस्थ नदीखात्यात पाण्याचे नमुने गोळा करायचा, म्हणून तोंडावर 'नमुनेसाहेब' आणि पाठ वळली की नुसता 'नमुना'. आता ते कामावरून की स्वभावावरून, हे ज्याचं त्याने ठरवावं. कडक इस्त्रीचा शर्ट, मळू नये म्हणून कॉलरमध्ये खोचलेला रुमाल, खिशात कंगवा. बाई ठेवण्याइतका उत्साह त्याच्यात असेल, यावर खरं तर कोणाचाच विश्वास नव्हता. पण विश्वास बसत नाही म्हणून इतकी चांगली बातमी कोणी पोटात ठेवतं का?

त्याचं काम सोपं होतं. मंगळवारी दोन बाटल्या भरायच्या. एक गावातल्या पुलावरून, आणि दुसरी नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाजवळच्या जुन्या धक्क्यावरून. तिथे भरतीला समुद्र नदीत घुसतो, ओहोटीला नदी समुद्राला बाहेर ढकलते, आणि त्या ओढाताणीत माशांची पिल्लं वाढतात. ते पाणी किती खारं, किती गढूळ, त्यात माशांना श्वास घेण्याइतकी हवा आहे की नाही, हे प्रयोगशाळेत तपासायचं आणि आकडे खात्याच्या वेबसाइटवर टाकायचे. कोणीही बघावेत. फुकट.

या फुकटचा नमुन्याला फार अभिमान. न्हाव्याकडे कोणी सहज म्हणालं, की यंदा नदी जरा काळी दिसते, तर हा साबण लावलेल्या तोंडाने म्हणायचा, "साइटवर आहे. जाहीर आहे. बघून घ्या." बारशाला जा, मयताला जा, पाण्याचा विषय निघाला की याचं तेच. "बघून घ्या."

बघत कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. त्या वेबसाइटवर शिरलं की आधी मोठे साहेब फीत कापताना दिसायचे. मग तेच साहेब दुसऱ्या कोनातून. शोधायच्या चौकटीत 'पाणी' लिहिलं, तर कार्यालयात पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवण्याची निविदा यायची. 'मासे' लिहिलं तर यायचं, 'काहीही आढळले नाही'. आकडे होते, नाही असं नाही. पण एखाद्याने दागिने पिठाच्या डब्यात तळाशी लपवावेत, तसे होते. खात्यातल्या लोकांनाही ते कुठे आहेत हे धड ठाऊक नव्हतं. नमुन्याला होतं. आणि ते कोणाला सापडत नाहीत, यातच त्याचा जीव होता.

कारण काही वर्षांपूर्वी तो धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरला होता. शेवाळलेल्या पायऱ्या, ओहोटी लागलेली, खाली मऊसूत गाळ. नमुनेसाहेब कमरेपर्यंत आत. हलावं तितकं आणखी आत. हाका मारमारून घसा बसला, तेव्हा जवळच जाळी विणणाऱ्या बायका आल्या आणि त्यांनी काखेत हात घालून त्याला उपटून काढलं, मुळा उपटावा तसा. बूट गाळातच राहिले, आणि अर्ध्याहून जास्त पँटही तिकडेच राहिली. बायका इतक्या हसल्या, की एकीला खाली बसावं लागलं. तोही हसला. पण पुढच्या मंगळवारी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभा राहिला, तर पहिली पायरीही उतरवेना. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मग एका मंगळवारी त्याने दोन्ही बाटल्या पुलावरूनच भरल्या आणि एकीवर 'मुख' अशी चिठ्ठी लावली.

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, साहेबांनी बोलावलं नाही. फक्त प्रयोगशाळेतली बाई एकदा म्हणाली, "तुमच्या दोन्ही बाटल्या अगदी जुळ्या बहिणी हो!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत आत गेली. त्या दिवशी तो चहा न घेताच परतला. पण नंतर सवय झाली. साइटवर मुखाजवळची नदी बारा महिने गोडी होऊन बसली आणि कोणाच्या बापाचं काही बिघडलं नाही.

बिघडायला ताई यावी लागली.

ताई त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली आणि मागच्या खोलीत राहू लागली. शिवणकाम करायची, भांडी घासायची, आणि कोणी 'राहू दे' म्हटलं की आणखी दोन घासायची. ज्या घरात आपण पाहुण्यासारखे राहतो, तिथे हात रिकामे ठेवायची भीती वाटते, तशातली गत. मग कुठून तिच्या डोक्यात मासे पाळायचं शिरलं. मुखाजवळचं एक पडीक तळं तिने कराराने घेतलं. तळ्याला नदीच्या बाजूने लाकडी दार. भरतीला उघडायचं, पाणी आत घ्यायचं. हातातल्या बांगड्या गेल्या, पण बाई अशी चालायला लागली, की मागून बघणाऱ्याला वाटावं, कोणी दुसरीच आहे.

बीजवाल्याने विचारलं, "पाणी गोडं की खारं? गोडं असेल तर गोड्या पाण्यातली बोटुकली देतो." बोटुकली म्हणजे बोटाएवढी वाढलेली माशांची पिल्लं. "पण खारं झालं तर एक जगायचं नाही, आधीच सांगतो."

ताईने भावाला विचारलं. भाऊ जेवत होता. जिभेला वळणच पडलेलं. "साइटवर आहे," तो म्हणाला. "बघून घे."

आणि ती बघायला बसली. दुपारभर पलंगावर पाय दुमडून, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. फीत कापणाऱ्या साहेबांना तिने ओलांडलं. पिण्याच्या पाण्याच्या यंत्राला वळसा घातला. एक पान उघडेना म्हणून खात्याला फोन लावला, तिथल्या माणसाने तिला दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसरा म्हणाला, "बाई, ते आमच्याकडे नसतं, ते साइटवर असतं." ती चिडली नाही. गुंता झालेल्या दोऱ्याला ओढायचं नसतं, हे शिवणकाम करणारीला सांगावं लागत नाही. कुठल्याशा कोपऱ्यात तिला एक नकाशा सापडला. नकाशावर निळे ठिपके. मुखाजवळच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि उघडला आलेख, सरळ, वर्षानुवर्षं सरळ. खाली लिहिलं होतं 'नमुना संकलक', आणि पुढे तिच्या भावाचं नाव.

त्या नावाकडे ती बघतच राहिली. मग फोन घेऊन शेजारणीकडे गेली. तिथून दुकानदाराकडे. पार पंक्चरवाल्यापर्यंत गेली. "हे बघा, माझ्या भावाचं नाव. जगात कुठूनही दिसतं." पंक्चरवाल्याने चेहरा कसा सरळ ठेवला, ते त्यालाच ठाऊक.

मुखापाशी जाळी विणणारी एक बाई म्हणाली, "खारं होतं गं ते, भरतीला तर होतंच."

"अहो मावशी, खात्याचे आकडे आहेत. माझा भाऊ स्वतः भरतो बाटल्या."

मावशीने खांदे उडवले. पावसाळा नुकताच सरला होता, नदी भरून वाहत होती; ताईने ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिलं, तर तेही गोडंच लागलं.

संध्याकाळी ती भावासमोर फोन धरून बसली. "सापडलं बघ! किती खोल पुरून ठेवलंय तुम्ही. ही रेघ म्हणजे खारेपणा ना? मग बारा महिने गोडंच म्हणायचं. गोड्यातली बोटुकली सोडली तर चालेल ना रे?"

नमुन्याने आलेखाकडे पाहिलं. स्वतःच्या नावाकडे पाहिलं. 'थांब' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण 'थांब' म्हटलं की 'का' आलं, आणि 'का' म्हटलं की तो गाळ, त्या बायका, ती चिठ्ठी, सगळंच आलं.

"साइटवर जे आहे ते आहे," तो म्हणाला आणि तोंड धुवायला उठला.

पिल्लं तळ्यात गेली. नदी हळूहळू उतरत गेली. पुढे एका उधाणाच्या भरतीला ताईने दार उघडून तळं भरून घेतलं, आणि दुसऱ्या सकाळी पाण्यावर पांढरी साय धरल्यासारखं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, की ती साय नव्हे.

तो रविवार होता. नमुना बातमी कळून तळ्यावर गेला, तेव्हा ताई चाळणीने मेलेले मासे काढत होती. त्याला बघितल्यावर तिने पदराने हात पुसले. तो बोलणी खायच्या तयारीने गेला होता. बोलणी मिळाली असती तर बरं झालं असतं.

"माझंच चुकलं रे," ताई म्हणाली. "मी रेघ भलतीच वाचली असणार. तू एवढं जाहीर करून ठेवलंस, आणि मला मेलीला वाचता आलं नाही. खात्यात सांगू नकोस हं, तुझ्या बहिणीने असं केलं म्हणून. तुला मान खाली घालावी लागेल."

तो वाकला आणि मासे गोळा करायला लागला. शर्टाला डाग पडत होते, पण रुमाल कॉलरमध्ये खोचायचं त्याला सुचलं नाही.

घरी आल्यावर ताई स्वयंपाकघरात पुन्हा तेच बोलायला लागली, अडाणी मी, आंधळी मी. तेव्हा मात्र त्याच्या बायकोचा बांध फुटला. "वन्सं, तुम्ही कशाला स्वतःला बोल लावता? यांना विचारा ना! मंगळवारी यांचं लक्ष असतं का बाटल्यांवर? अख्खं गाव सांगतंय."

"काय सांगतंय?"

"फुलवालीकडे असतात. दुपारपर्यंत."

ताईला एवढ्यातही हसू आलं. "हा? अगं, हा शाळेत बाईंनी नुसतं उभं केलं तरी रडायचा. हा काय दिवे लावणार?"

नमुन्याला वाटलं, देवच पावला. बाई कबूल करणं किती सोपं होतं! चारचौघांत नाव खराब होईल, पण त्या खराबीत थोडी ऐटही असते. पंक्चरवाला तर वचकून नमस्कार करेल. आणि ताईला कधीच कळणार नाही. त्याने मान खाली घातली. "खरं आहे," तो म्हणाला. "फुलवालीचं खरं आहे."

बायको पोळपाटावर हात टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "नाव काय तिचं?"

नमुन्याने खिशातला कंगवा चाचपला.

"राहते कुठे?"

"दुकानात... म्हणजे, दुकानाच्या आसपास."

"एवढी वर्षं बाई ठेवली आणि नाव विचारायचं राहून गेलं? अहो, तुम्हाला धड पापही करता येत नाही, आणि खोटंही बोलता येत नाही."

"मग तिथे बसून करतोस काय?" ताईने विचारलं. साधंच विचारलं, लहानपणी अंगणात विचारायची तसं.

मग त्याने सांगितलं. गाळ, पायऱ्या, दोन्ही बाटल्या, चिठ्ठी. सांगताना तो भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होता. बायकोला इतकं हलकं वाटलं, की ती क्षणभर हसली. आणि ताईचा चेहरा दिसताच आपण हसलो याची तिला लाज वाटली.

ताईने एकच विचारलं. "मी तुला ती रेघ दाखवली, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मी तुझं नाव दाखवत फिरले रे," ती म्हणाली. "दारोदार."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेब ऐकून वैतागले, पण फारसे नाही. "अहो, कोण बघतं ते?"

"माझ्या बहिणीने बघितलं," नमुना म्हणाला.

साइटवरचा मुखाजवळचा ठिपका आता करडा आहे. त्यावर बोट ठेवलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं येतं. धक्क्यावरची बाटली दुसरा माणूस भरतो. नमुना त्यानंतर दोनदा त्या पायऱ्यांपाशी गेला आणि दोन्ही वेळा वरूनच परतला. ताईने मावशीच्या शेजारी खोली घेतली. तळ्यात आता खाऱ्यात तगणारे मासे आहेत. भाऊ भेटायला गेला की चहा करते, तब्येत विचारते. पण त्याच्या तोंडून नदीविषयी काही निघालं, की तिची नजर आपसूक मावशीकडे जाते, आणि तो मध्येच थांबतो.

घरातलं बोलणं घरातच राहिलं, त्यामुळे पंक्चरवाला अजून तीच बातमी सांगतो. नमुन्याने ती कधी खोडली नाही. पण फुलवालीशी त्याचं काहीही नव्हतं. धक्क्यावर जाऊन यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ काढायला तो तिच्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहायचा.