यंत्राचा संशय

बसवनगुडीतल्या आमच्या डॉक्टरांकडे रक्तदाब मोजणाऱ्या नर्सबाई बेळगावकडच्या आहेत. दर महिन्याला मी त्यांच्यापुढे बाही वर करून बसतो, पण नाव कधी विचारलं नाही. त्या मला अण्णा म्हणतात, मी त्यांना अक्का.

त्यांची एक खोड आहे. नवऱ्याची फाईल धरून बायको शेजारी उभी असली, की अक्कांना यंत्राचा संशय येतो. "स्वल्प थांबा हं. यंत्र नीट चालतंय काय बघू या. तुमचा हात द्या की, बाई." स्वतःसाठी कधीच न बसणारी बाई नवऱ्याचा आकडा चुकू नये म्हणून लगेच बसते.

एरवी मी एकटा जातो. गेल्या महिन्यात बायको बरोबर होती. तिच्या दंडाला पट्टा बांधलेला बघून मी म्हणालो, "अहो, रक्तदाब मला आहे."

"पाळी असेपर्यंत बायकांच्या रक्तवाहिन्या लवचीक राहतात, अण्णा," अक्का पट्टा आवळत म्हणाल्या. "ती गेली की ताठ होत जातात, दाब चढतो. पण तोवर बाईला दुसऱ्याची फाईल धरायची सवय लागलेली असते."

बायकोचं डोकं दोन वर्षं दुखतंय. मी तिला चहा कमी करायला सांगितला होता.

अक्कांनी पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. आकडा तोच, माझ्यापेक्षा कितीतरी वर.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. बायकोच्या हातातली माझी फाईल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही धरा, अण्णा. आज आत आधी या जातील."