साडूभाऊंचा पुरावा

उभ्या पनवेल तालुक्यात पावतीवर माझ्या साडूभाऊंइतकं प्रेम करणारा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर साडूभाऊ त्याच्याकडे ओळखपत्र मागतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले, नवीन पनवेलला बिऱ्हाड थाटलं आणि उरलेलं आयुष्य त्यांनी ग्राहक या पदाला वाहिलं. एकदा भाजीवालीकडे त्यांनी कोथिंबिरीच्या जुडीची पावती मागितली, तेव्हा तिने जुडीच परत घेतली. "काका, तुमी घरीच लावा कोथमीर," असा सल्ला वर दिला. खोकल्याचं औषध घेण्याआधी ते सोबतचा कागद भिंगातून दोन्ही बाजूंनी वाचतात. वाचून होईपर्यंत खोकला बरा होतो, मग न उघडलेली बाटली दुकानात परत जाते. दिवसाला तीन मिनिटं पुढे पळणारं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पंधरा दिवसांच्या नोंदींसह परत केलं. दुकानदाराने नोंदी न वाचताच नवं घड्याळ पुढे केलं, तर हे "आधी वाचा" म्हणून तिथेच ठाण मांडून बसले. तुम्ही कधीकधी असह्य होता, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनी ते लेखी मागितलं.

असा माणूस जुनी गाडी घ्यायला निघाला, याचं कारण आमच्या सासूबाई. त्या नव्वदीच्या घरातल्या, नेऱ्याला मेव्हण्याकडे असायच्या. त्यांचं माहेर चिरनेरचं. तिथे एकदा जाऊन यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं, पण भाड्याच्या गाडीने नाही. "माज्या भावाच्या दारात जावयाची गाडी लागली पायजे," असं त्यांनी चिरनेरच्या भावजयीला फोनवर कळवूनही टाकलं होतं. साडूभाऊंनी शब्द दिला. मग तीन रविवार ते आणि मी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका गाडीवाल्याकडे खेपा घालत होतो. साडूभाऊंनी गाडीच्या अंगभर लोहचुंबक फिरवलं, कारण पोचे बुजवायला रंगाखाली लांबी भरलेली असली तर चुंबक चिकटत नाही. टॉर्च घेऊन ते गाडीखाली आडवे झाले. टायरांवरचे आकडे वहीत उतरवले. शेवटी स्वतः चालवून पाहिली, आणि घोळ इथेच झाला. साडूभाऊ ताशी वीसच्या वर जात नाहीत. त्यामुळे तीन रविवारांच्या कसून तपासणीत ती गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलीच नाही.

गाडी घेतल्यावर लगेच आम्ही चिरनेरला निघालो. पुढे सासूबाई, मागे ताई, आमची ही आणि मी. आम्हाला सायकलीसुद्धा ओलांडून जात होत्या. उरणच्या रस्त्याला लागल्यावर सासूबाईंना राहवेना. "ओ जावयबापू, आज पोचायचं हाय नं? जरा जोरात जाऊ द्या की!" सासूच्या शब्दाखातर साडूभाऊंनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. आतून जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला आणि कंटेनरच्या रांगेत आमची गाडी मधोमध बसली. एका टेम्पोला दोराने टोचन लावून आम्ही परत आलो. चिरनेरला भावजयीने वाटण वाटून ठेवलं होतं, ते वाया गेलं.

गाडीवाला माणूस तसा वाईट नव्हता. "काका, मी काय पलून चाललोय का? गाडी पाठवा, गिअरबॉक्स खोलून नीट करून देतो. पन लिवून काय देनार नाय," तो म्हणाला. लिहून दिलं की दोष कबूल केल्यासारखं होईल, ही त्याची भीती. आणि तोंडी शब्द फायलीला लावता येत नाही, ही साडूभाऊंची अडचण. बिलावर बारीक अक्षरात 'जशी आहे तशी विकली' असं छापलं होतं. साडूभाऊंनी त्याखाली लाल रेघ मारली. "असं छापलं म्हणून दोष लपवायचा परवाना मिळत नाही. हा धंदेवाईक विक्रेता आहे, मी ग्राहक आहे," ते म्हणाले, आणि नोटीस गेली.

त्या दिवसापासून गाडी गाडी राहिली नाही, पुरावा झाली. पुढे तक्रार गेली की ग्राहक आयोगाचा तज्ज्ञ येऊन मूळ दोष बघेल, तोवर स्क्रूसुद्धा हलता कामा नये. सोसायटीच्या आवारात तिच्यावर कापड पडलं आणि कापडावर पाटी लागली, 'पुरावा. हात लावू नये.' एका मांजरीने पुराव्याखाली पिल्लं घातली, तिला मात्र साडूभाऊ रोज दूध द्यायचे. मी सुचवलं, मेकॅनिकचा लेखी अहवाल घ्या, फोटो काढा आणि दुरुस्त करून टाका. त्यांनी माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं. मधल्या काळात त्यांच्या सल्ल्याने कॉलनीतल्या दोघांना फ्रिज बदलून मिळाले आणि एकीला मिक्सर. आमचा पुरावा जागचा हलला नाही. नेऱ्याहून सासूबाईंचा फोन यायचा, "जावयबापू, गाडी बरी झाली का ओ?" जणू घरात कुणी आजारी होतं.

एका रविवारी जेवताना साडूभाऊ मला समजावत होते, "घाई कशाला? तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे." ताई आमटी वाढत होत्या. त्या एरवी नवऱ्यापुढे आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "मुदत तुम्हाला आहे," त्या म्हणाल्या. "आईला आहे का?"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गाडीवाल्याकडे गेले. गाडीवाला नरमला, पण आता त्याची एक अट होती. "काका, माजी काय तक्रार नाय, असं तुमी लिवून द्या. दोन दिवसांत गाडी दारात." त्याने कागदावर चार ओळी खरडल्या. साडूभाऊंनी त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाले, "हा मसुदा कच्चा आहे. उद्या मी उलटलो तर तू अडचणीत येशील." मग स्वतःच्या विरुद्धचा पक्का मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला आणि खाली सही केली. त्या सहीला फार वेळ लागला. गाडीवाल्याने त्यांच्यासाठी चहा मागवला, पण त्यांनी तो घेतला नाही.

चिरनेरला भावजयीने सासूबाईंवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गाडीलाही हळदकुंकू लावलं. दारात गाव जमलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "जावयाची हाय. सोताच्या गाडीनं आनलं मला." साडूभाऊ पडवीत अंग चोरून बसले होते. दिवाळीनंतर सासूबाई वारल्या.

परवा साडूभाऊंकडे चहा घेताना ते एकदम म्हणाले, "ती केस मी जिंकलो असतो."

"नक्की जिंकला असतात," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

त्यांनी कप बशीत ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "चिरनेरहून येताना सासूबाईंनी विचारलं होतं, आता परत कधी न्याल? मी म्हटलं, बघू. नुसतं बघू म्हणालो हो. तारीख द्यायला पाहिजे होती."

त्या माणसाबद्दल इतकी माया मला आधी कधी वाटली नव्हती. पण हे त्यांना सांगायला मला जमलं नाही, म्हणून मी ताईंना आणखी एकेक कप चहा टाकायला सांगितला.